साडेबारा टक्के

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी
टायवाला पोरगा फळ्यापाशी उभा राहून म्हणाला,
"तुम्ही नसलात तरी दुकान चाललं पाहिजे, घरत साहेब.
फ्रँचायझीची रचनाच तशी असते."
इतकं गोड वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं.
आणि इतकं लागलंही नव्हतं कुठलं.

आता दोन आहेत.
खारघरला कोपऱ्यावर चहाचं,
उलव्यात कपडे धुण्याचं.
साखर पुण्याहून येते, पुड्या मोजून.
दुधाला किती उकळ्या, ते भिंतीवर चिकटवलेलं.
पाटी त्यांची, रंग त्यांचा,
कपावरचा हसरा किटलीबाबाही त्यांचाच.
माझे फक्त पैसे,
आणि गल्ल्यामागच्या परवान्यावर
बारीक अक्षरात नाव.

रात्री साडेदहाला फोन एकदा थरथरतो.
आज इतके कप, इतके किलो कपडे.
दोन्हीकडचं फरीदा मुकादम बघते, तिचाच मेसेज.
मी आकडा वाचतो, फोन पालथा घालतो.
झालं माझं काम.

बावन्नाव्या वर्षी मला दुपार मिळाली.
नेरूळमागच्या तळ्यावर रोहित पक्षी
चिखलात मान घालून उभे असतात,
त्यांच्याकडे बघत अर्धा तास जातो, जाऊ देतो.
लेकीला गाडी शिकवतो.
क्लच सोडताना ती किंचाळते,
मी ओरडत नाही.
हातात वेळ असला की माणूस ओरडत नाही,
हे फार उशिरा कळलं.

बापूस मिठागरातला.
"मीठ ऊन पिकवतंय," म्हणायचा,
"आपुन निस्ता बांध राखाचा."
ऐकायला सोपं.
उधाणाच्या रात्री कंदील घेऊन
तो कमरेएवढ्या चिखलात,
कुठं खांड पडली का चाचपत,
आई दारात जागी.
तळपायाच्या भेगांत मीठ असं मुरलेलं
की लग्नाच्या पंगतीतही
पाय मांडीखाली लपवून बसायचा.

मग आगर गेलं, जमीन गेली,
बदल्यात परत आले साडेबारा टक्के.
आमच्या गावात पोरं पाढ्यांआधी
हा आकडा शिकतात.

कधीमधी माझ्याच चहावर
मी गिऱ्हाईक म्हणून जातो.
काउंटरवरचा दीपेंद्र मला ओळखत नाही.
कार्डावर शिक्का मारतो, दहावा चहा फुकट.
परवा दहावा झाला.
माझाच चहा मला फुकट,
म्हणजे फुकट नाहीच,
पण प्यालो अगदी चवीनं.
"अजून काय, काका?"
काही नाही, म्हटलं. काहीच नाही.

फेब्रुवारीत एका रात्री
उलव्यात वरच्या मजल्याचा पाइप फुटला.
मेसेज सकाळी सातला वाचला,
दोन वीसला आलेला:
"दुकानात पाणी शिरलं होतं. काढलं.
लोकांचे कपडे आधी वर ठेवले.
नऊला उघडतोय. तुम्ही येऊ नका."

मी गादीवर उठून बसलो.
खिडकीत ऊन आलेलं.
आमच्या घरातला कुणीतरी पहिल्यांदाच
उधाणाच्या रात्री गाढ झोपला होता.
बांधावर दुसरं कुणी होतं म्हणून.

महिनाअखेरीस वकिलाकडून कागद करून आणला.
दोन्ही दुकानांच्या नफ्यातले
साडेबारा टक्के, फरीदाच्या नावे.
तिनं दोनदा वाचलं.
"बारा का नाही? तेरा तरी?"
"साडेबाराच. आमच्याकडचा आकडा आहे."
ती जराशी हसली.
"आमचीपण गेली होती, तळोज्याला.
आम्हाला अजून मिळायचेत."

मग सही केली,
पेन माझ्या खिशाला लावून दिलं,
आणि आत ड्रायर वाजायला लागला होता
तिकडं गेली.